ओदिलियाची साक्ष

रविवारी दुपारी पाळक अबेलिनो इश्कोय जेवायला बसले ते भलत्याच खुशीत. सकाळी चर्चमध्ये मंडळीचं प्रभुभोजन झालं होतं आणि ओदिलियाने उभं राहून साक्ष दिली होती. बाळंतपणापासून जी बाई वेदीपुढे नुसती रडत होती, ती आज कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "आता माझं मन शांत झालंय. मी प्रभूकडे जायला तयार आहे." अख्खी मंडळी आमेन म्हणाली. सगळ्यांत मोठा आवाज अर्थातच पाळकांचा. का नसेल? उपास त्यांनी सांगितले होते, प्रार्थना म्हणत कपाळाला तेल त्यांनी लावलं होतं. विजय देवाचा खरा, पण त्यातला घासभर आपल्या ताटात पडला तर कुणाला नको असतो?

प्रभुभोजनाआधी आपापसांतली भांडणं मिटवायची, ही तिथली रीत. बहुतेक जण शेजारच्याचा हात हातात घेऊन मोकळे होतात. ओदिलिया मात्र बाकाबाकाशी गेली आणि एकेकाची माफी मागून आली. जिच्याशी भांडायला कारण लागत नाही, त्या एउस्ताकिया म्हातारीचीसुद्धा. मक्याचे तमाल उकडायचं उसनं आणलेलं पातेलंही घासूनपुसून परत केलं. म्हातारीला रडू फुटलं. पाळकांनी व्यासपीठावरून सांगितलं, बघा, बरं होणं म्हणतात ते हे.

निघताना ओदिलियाने पाळकांच्या बायकोकडे, देल्फिनाकडे, आपली तान्ही नोएमी दिली. नवरा ऊसतोडीला किनाऱ्याकडे गेलेला, घरात दुसरं कोणी नाही. आजची दुपार सांभाळा, मी जरा झोपते, म्हणाली. देल्फिनाला बरंच वाटलं. पोरगी गोड होती.

पाळकांनी मक्याची टोर्टिया मोडून घेवड्याच्या काळ्या रश्शात बुडवली, तोच आतून हाक आली.

"अहो, जरा इकडे या."

देल्फिना दुपटं शोधायला पिशवीत हात घालून बसली होती. पलंगावर पोरीच्या कपड्यांचा ढीग. अंगात येणारे कपडे चारच, बाकी सगळे मोठे. थंडीचा स्वेटर. तळ न मळलेले लाल बूट. आणि सगळ्यांत खाली, ओदिलिया पोरीला पाठीशी बांधायची ते विणलेलं फडकं, नीट घडी घातलेलं.

"बायका सामान जरा जास्तच भरतात," पाळक म्हणाले.

"एका दुपारसाठी?" देल्फिनाने बूट उचलून दाखवले. "हे पोरगी चालायला लागल्यावरचे आहेत. आणि फडकं इथे दिल्यावर न्यायला येईल तेव्हा बांधणार कशात तिला?"

पाळकांनी बूट हातात घेतले. माफी. पातेलं. तयार आहे. सकाळी जे जे गोड वाटलं होतं ते एकेक करून उलटं फिरलं. प्रभूकडे जाणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? प्रत्येक मयताला ते तेच शब्द वापरायचे.

आरोग्य केंद्रात मानसिक आजारांवर इलाज करणारी मारीक्रूस नावाची बाई होती. गेल्या वर्षी ती स्वतः घरी आली होती. ज्यांचं दुःख प्रार्थनेने हलत नाही त्यांना माझ्याकडे पाठवा, आपण दोघं मिळून बघू, एवढंच म्हणाली होती. आमचा वैद्य वर बसलाय, असं म्हणून पाळकांनी तिला मक्याची गरम पेज, आतोल, पाजलं आणि वाटेला लावलं. देल्फिनाने मात्र नवऱ्याला न सांगता नंबर घेऊन ठेवला होता. तोच तिने आता लावला आणि फोन त्यांच्या कानाला धरला.

मारीक्रूस एक शब्दही टोचून बोलली नाही. आत्ताच्या आत्ता जा, म्हणाली. जीव द्यायचा विचार आहे का, असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. तिला क्षणभरही एकटी सोडू नका, थेट इस्पितळात आणा, मी तिथे पोचते.

"आणि पास्टर, मंडळीतल्या भाषेत नको. साध्या भाषेत विचारा."

चढावर पाळक धावत निघाले. लोक नमस्कार करत होते, त्यांना कोणी दिसत नव्हतं. उशीर झाला असेल तर? एवढी वचनं पाठ असलेल्या माणसाला एक आठवेना. देवा, देवा, एवढंच तोंडातून येत होतं.

ओदिलियाचं दार लोटलेलं होतं. हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. अंगणात कोंबड्या चरत होत्या. त्यांचा हात दारापर्यंत जाईना, इतकी आत काय दिसेल याची भीती वाटत होती. शेवटी खांद्यानेच दार ढकललं.

ती खाटेवर बसली होती. जिवंत. ओले केस विंचरलेले, अंगात बाप्तिस्म्याला पाण्यात उतरताना घालतात तो पांढरा झगा. त्यांना बघून रीतीप्रमाणे उठली आणि खुर्ची पुढे केली.

"बहिणी, प्रभू..." सवयीने जीभ वळली. पाळकांनी ते तसंच गिळलं.

"ओदिलिया, तू जीव द्यायचा विचार करतेयस का?"

तिने झग्याची बाही सारखी केली. ती नाही म्हणेल याची त्यांना भीती होती, हो म्हणेल याची त्याहून जास्त.

"हो," ती म्हणाली. "आज."

मग, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात, "मी सांगितलं होतं की तुम्हाला. उपासात सांगितलं, तेल लावताना सांगितलं, आज सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्ही आमेन म्हणालात."

पाळक खुर्चीत बसले. व्यासपीठावरून जन्मात न निघालेलं वाक्य तोंडून निघालं.

"हे मला येत नाही पोरी. ज्यांना येतं त्यांच्याकडे जाऊ. मी बरोबर येतो, तिथेच थांबतो."

"आणि प्रार्थना?"

"वाटेत करू. आधी चल."

"झगा बदलते."

"नको. अशीच चल." तेवढ्यापुरतीही तिला नजरेआड करायची त्यांची छाती नव्हती. आपला रविवारचा कोट त्यांनी तिच्या खांद्यावर टाकला, मनगट धरलं आणि रस्त्यावर येऊन टुकटुक रिक्षा थांबवली.

चालवणारा मंडळीतलाच निघाला, सिप्रियानो. कोटाखालचा पांढरा झगा बघून त्याचा चेहरा उजळला.

"पास्टर, ओदिलियाताई आज पुन्हा पाण्यात उतरणार वाटतं? आमेन."

गाडी सुरू होईपर्यंत तो उलट आमेनची वाट बघत राहिला. पाळकांनी तिचं मनगट आणखी घट्ट धरलं.

"इस्पितळात घे," ते म्हणाले. "लवकर."