पोच बाकी

"आवाज येत नसेल तर बंद करून चालू कर की! घरचा टीव्ही असाच ताळ्यावर येतो," दादा म्हणाला आणि त्याने कॉम्प्युटरच्या बटणाकडे हात नेला.

"हात लावलास तर बघ!" माझा आवाज इतका चढला की दारातली सिस्टर स्ट्रेचरसकट थबकली.

ती अप्पांना न्यायला आली होती. घशाला भोक पाडून श्वासाची नळी बसवायची, आणि पुढचं आयुष्य मशीनच्या जोरावर. आजाराने आमच्या वडिलांचं सगळं अंग थिजलंय, फक्त डोळे हलतात. पलंगापुढच्या पडद्यावर ते डोळ्यांनी अक्षरं वेचतात आणि कॉम्प्युटर ती मोठ्याने वाचतो. ऑपरेशनबद्दल काल त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "सकाळी सांगतो." मी सकाळी पोचले तेव्हा झोपेचं इंजेक्शन देऊन झालं होतं आणि अप्पा गाढ झोपले होते.

"चकार शब्द बोलले नाहीत," दादा म्हणाला. "दोनदा विचारलं, गप्प. म्हटलं, गप्प म्हणजे होकार. सही करून टाकली."

चकार शब्द नाही? अप्पा? अंथरुणाला खिळल्यावरही ज्यांनी न्हाव्याला दाढी कशी करावी यावर व्याख्यान दिलं, ते? मी पडदा न्याहाळला.

"दादा, आवाजाची खिडकी कुठाय?"

"ती होय? तिच्या आवाजात फोनवर धड बोलता येईना, म्हणून फुलीवर दाबून बाजूला केली. सकाळीच."

बाजूला केली नव्हती, ठार केली होती. डोळे वाचणारा प्रोग्रॅम वेगळा, बोलणारा वेगळा. दोघे आपापल्या खोलीत कडी लावून बसलेले. एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नाही. मधे निरोप पोचवणारा लागतो, तो मी लिहिलाय. 'निरोप्या' त्याचं नाव. नेटवर उघडाच ठेवलाय, कुणीही घ्यावा, कुणीही सुधारावा. काम फुकट, शिव्या मात्र रोख. सगळ्यात मोठं भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून: ऐकणारा प्रोग्रॅमच मेला तर साचलेल्या निरोपांचं काय करायचं? बहुतेकांचं म्हणणं, फेका, जागा अडते. मी हट्टाला पेटले. ऐकणाऱ्याची पोच आल्याशिवाय एकही निरोप पुसायचा नाही.

म्हणजे अप्पा सकाळी जे काही बोलले ते अजून रांगेत होतं. पण फक्त मशीन चालू असेपर्यंत. बटण दाबलं की खेळ खलास.

सर्जन आत आले. "काय चाललंय? थिएटर तयार आहे."

"जरा थांबा. त्यांनी उत्तर दिलंय, आम्हीच ऐकलं नाही."

"पण तुमचे भाऊ म्हणाले, ते राजी आहेत."

दादाचं बोट अजून बटणापाशी होतं. आणि खरं सांगते, क्षणभर वाटलं, दाबू दे. मला अप्पा हवे होते. नळीसकट, मशीनसकट, कसेही, पण हवे होते. रांगेत काय असणार याची मला पक्की धास्ती होती. उभ्या जन्मात हा माणूस कुणाचा हात धरून जिना चढला नव्हता.

"दादा, बोट काढ."

त्याने काढलं. मी बोलणारा प्रोग्रॅम पुन्हा उघडला. काहीच झालं नाही. मग लक्षात आलं, रांग मेलेल्या प्रोग्रॅमच्या नावावर होती आणि निरोप्या या नव्याला ओळखत नव्हता. हा माझाच काटेकोरपणा, आता माझ्याच अंगाशी आलेला. रांग याच्या हवाली कर, असा हुकूम टाइप केला. घामाने बोट घसरलं, अक्षर चुकलं. पुन्हा केला. सर्जनांनी घड्याळ पाहिलं.

स्पीकर खरखरला.

"पाणी."

"थोरल्या, पाणी."

"फोन ठेव. इकडे बघ."

दादा मटकन स्टुलावर बसला.

"नळी नको. मशीन नको. मला घरी न्या."

"ऐकलं का?"

"धाकटी भांडेल. तिला सांग, मी पूर्ण शुद्धीत आहे."

"ऐकलं का?"

"ऐकलं का?"

मग आवाज थांबला. रांग संपली होती.

सर्जनांनी सिस्टरला मानेनेच खुणावलं आणि रिकामं स्ट्रेचर परत गेलं. "जागे झाले की मी स्वतः विचारतो," ते हळू आवाजात म्हणाले. दादाने कापूस ओला करून अप्पांच्या ओठांवरून फिरवला. मी रडत होते, लपवायचं तरी कुणापासून?

प्रोग्रॅमने एकूण एक निरोपाची पोच दिली होती. आम्ही दिली नव्हती. मी अप्पांच्या कानाशी वाकून म्हणाले, "ऐकलं, अप्पा." दादा दुसऱ्या बाजूने वाकला आणि "ऐकलं, ऐकलं" म्हणत राहिला. अप्पांनी विचारलं होतं त्याहून कितीतरी जास्त वेळा.