खंडेनवमीचा कॉम्प्युटर

श्रावणात आमच्या घरातल्या कॉम्प्युटरनं सात हा आकडा सोडून बाकी सगळ्याचा संन्यास घेतला. बटण दाबलं की पडद्यावर एक सात, मग ओळभर सात, मग पडदाभर सात.

हा कॉम्प्युटर १९८७ सालचा. दिसायला नुसता जाडजूड कीबोर्ड; सगळा मेंदू त्याच्याच पोटात. पडदा म्हणून घरातला टीव्ही जोडायचा आणि प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरमधून भरायचा, कॅसेट लावून. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती आपल्याकडे फार मायेनं बघतात.

त्यावर माझ्या बायकोनं, कुसुमनं, एक प्रोग्रॅम लिहिला होता. ती शाळेत गणित शिकवायची. माहेर पंचवटीतलं, वडील यात्रेकरूंचे उपाध्याय. ‘आमचे वडील अमुक तारखेला गेले, श्राद्धाची तिथी कोणती?’ हा प्रश्न तिनं लहानपणापासून ऐकलेला. दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या चंद्र-सूर्याच्या मागे लागून तिनं त्याचं उत्तर मशीनमध्ये बसवलं. तारीख घाला, वेळ घाला, तिथी हजर. पितृपक्ष जवळ आला की आमची नाशिक रोडची अख्खी कॉलनी चिठ्ठ्या घेऊन यायची.

तो प्रोग्रॅम फक्त एका कॅसेटवर आहे आणि ती कॅसेट फक्त ह्याच मशीनला कळते. त्याची कागदावरची प्रत एका पावसाळ्यात मी रद्दीत घातली. त्या विषयावर आमच्या घरी बोलत नाहीत.

मशीन पिशवीत घालून मी शहरातल्या एका झगमगीत दुकानात गेलो. टाय लावलेल्या तरुणानं पिशवीत डोकावून पाहिलं.

“अंकल, मदरबोर्ड गेलाय.”

“उघडून तर बघा.”

“ओपन करायची पॉलिसी नाहीये. एक्स्चेंजमध्ये पण नाही बसणार. नवीन दाखवू?”

डॉक्टरनं दारातूनच पेशंट बघावा आणि अमरधामचा रस्ता सांगावा, तसला प्रकार! मी त्याला म्हटलं, “तुमच्या आजोबांनाही हेच विचारता का?” तो म्हणाला, “ते गावी असतात.”

घरी आलो तर कुरिअरनं एक नवा लॅपटॉप येऊन पडलेला. चिरंजीव पुण्यात असतात. लगेच फोन आला.

“आईसाठी पाठवलाय बाबा. आता तो जुना डबा घंटागाडीत देऊन टाका.”

“धवल, त्या डब्यानं तुझ्या मुंजीची तिथी काढली होती!”

“मुंजीला मुहूर्त लागतो बाबा. तिथी श्राद्धाला.”

पोराला शिकवलं की ते असं उलटतं. मी फोन कुसुमच्या हातात दिला. तिनं ‘हो’ म्हटलं, ‘बरं’ म्हटलं आणि ठेवला.

“देऊन टाका,” ती म्हणाली. “नाहीतरी आता कोण येतंय विचारायला?”

हे खरं होतं. गेल्या वर्षी शेजारच्या मंजुषानं जिन्यातूनच सांगितलं होतं, “राहू दे काकू, फोनवर मिळते तिथी.” कुसुमनं तेव्हा मांडून ठेवलेला टेपरेकॉर्डर गुपचूप कपाटात ठेवला होता. पस्तीसेक वर्षं जिच्या शब्दावर कॉलनीनं पितर जेवू घातले, तिचं काम एका बोटानं खाली ढकललं! मी संतापलो. कोणावर, ते नक्की ठरेना, म्हणून घंटागाडीवर संतापलो. सकाळी तिचं गाणं सुरू झालं की मी दाराला आतून कडी घालू लागलो.

पितृपक्ष लागला आणि दुसऱ्याच दिवशी मंजुषा दारात. चेहरा पडलेला.

“काकू, सासरे सतरा जुलै सत्त्याण्णवला गेले. इतकी वर्षं त्यांचं सर्वपित्रीलाच करत होतो, यंदा तिथीला करायचंय. एक ॲप द्वादशी म्हणतंय, दुसरं त्रयोदशी. सासूबाई म्हणतात, तू मुद्दाम घोळ घालतेस.”

“वेळ कोणती?” कुसुमनं विचारलं.

“वेळ?”

“जाण्याची. तिथी काय रात्री बाराला बदलते का? त्या दिवशी दुपारी बदलली असेल.”

“संध्याकाळचे सहा. पण ॲपनं वेळ विचारलीच नाही हो!”

“त्याला कशाला पडलीये,” मी म्हणालो. “त्याला कुठं जेवायला यायचंय?”

कुसुम उठली, कपाटापर्यंत गेली आणि थांबली. सतरा, सात, सत्त्याण्णव. मशीनला येत होता तो नेमका एकच आकडा, पण एकदा सुरू झाला की थांबत नव्हता. ती तशीच परत आली. “संध्याकाळपर्यंत सांगते,” म्हणाली. इतकी वर्षं पाहतोय, तिनं कोणाला ‘नंतर ये’ म्हटलेलं मला आठवत नाही.

मी पिशवी उचलली आणि स्टेशनजवळच्या बहिरू मिस्त्रीकडे गेलो. बहिरू मूळचा नांदगावचा. टीव्ही दुरुस्त करायचा. हल्ली टीव्हीच कोणी दुरुस्त करत नाही म्हणून मिक्सर करतो. मशीन कोणाचं, ते ऐकल्याबरोबर दुकानाला कुलूप लावून माझ्यासोबत घरी आला.

“बाई, वळखलं का? तुम्ही मला गणितात दोनदा नापास केलंय.”

“तीनदा,” कुसुम म्हणाली. “बस.”

त्यानं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, सहा स्क्रू काढले, झाकण उचललं आणि बघतच राहिला.

“काका, ह्यात भात शिजवता का काय?”

आत अक्षता होत्या. मूठभर. पिवळ्या, लाल, काही काळ्या पडलेल्या. झेंडूच्या पाकळ्यांचा भुगा होता. आपट्याचं एक अख्खं पान होतं. आणि मधोमध हळदीकुंकवाचा सिमेंटसारखा थर.

“दर खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते,” मी ताठ बसून सांगितलं. “शिलाई मशीन, स्कूटर, हे. कधी चुकवली नाही.”

“गंध कुठं लावता?”

“कपाळावर. वरच्या ओळीत, बरोब्बर मधे.”

“तिथं सातचं बटण हाय काका. अडतीस वर्षं तुम्ही सातलाच लावताय. वरून पाणी पण शिंपडता?”

“पळीभर.”

“मदरबोर्डला काय बी नाय झालेलं. ह्यो तुमच्या भक्तीनं गेलाय.”

काय ही भाषा! अडतीस वर्षं सोवळ्यात केलेल्या पूजेला हा माणूस बिघाड म्हणतो? मी कुसुमकडे पाहिलं. ती माझी बाजू घेईल अशी अपेक्षा होती. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय.

ती हसत होती. श्रावणापासून पहिल्यांदा.

बहिरूनं ब्रश, स्पिरिट आणि कापूस घेऊन दोन तास काम केलं. निघालेल्या अक्षता त्यानं वाटीत काढून माझ्यापुढे ठेवल्या. मग टीव्ही जोडला, कॅसेट लावली. टेपरेकॉर्डर किरकिरला, किंचाळला, थांबला. पडद्यावर अक्षरं आली: तारीख?

कुसुमनं चष्मा पुसला आणि एकेक बटण दाबलं. सात तिन्ही वेळा एकेकटाच उमटला. मग वेळ. मशीन मिनिटभर विचारात पडलं. ते नेहमीच पडतं, चंद्र लांब आहे.

त्रयोदशी.

“मंजुषाला बोलवा,” कुसुम म्हणाली, “आणि चहा टाका. मी जरा कामात आहे.”

पुढच्या आठवडाभरात अकरा चिठ्ठ्या आल्या. मंजुषानं जिन्यातूनच सगळ्यांना सांगितलं होतं.

खंडेनवमीला मी सोवळं नेसून तबक घेऊन टेबलापाशी गेलो, तर कुसुम मशीनच्या आडवी उभी.

“लांबून नमस्कार करा.”

“आणि पूजा? मोडायची?”

“मोडायची कशाला?” तिनं कपाटातून तो नवा लॅपटॉप आणला, उघडून पाटावर ठेवला आणि पळी माझ्या हातात दिली. “ह्याची करा. यथासांग.”

मी केली. अक्षता कमी पडल्या, तेव्हा तिनं आणखी आणून दिल्या.