एकट्या डाव्या हाताचा रॅगटाइम

“याच्यावर रॅगटाइम वाजवलात तर बोटं मोडीन हं,” अजेय स्वतः बनवलेल्या हार्प्सिकॉर्डकडे बोट दाखवत म्हणाला होता, तेही चहाचा कप पुढे करत, हसत हसत. आसावरीही हसली होती. माणूस स्वतःच्या हातांनी वाद्य घडवतो, त्याचा जीव त्यात असणारच, असं म्हणून तिनं उलट त्याचं कौतुकच केलं. घरी येऊन नवऱ्याला, अनुपमला, विनोद म्हणून सांगितलंसुद्धा.

आसावरी लग्न करून कर्जतला आलेली. पुण्यात कॉलेजात असताना पियानो शिकली, मग ईशानी झाली आणि पियानो पुण्यातच राहिला. शैला, म्हणजे अजेयची बायको, तिला कर्जतच्या एका दवाखान्यात भेटली. एकीच्या मांडीवर तापानं फणफणलेली पोर, दुसरीच्या मनगटाला क्रेप बँडेज.

“बाथरूममध्ये घसरले गं,” शैला न विचारताच म्हणाली. दुसऱ्या हाताची बोटं मात्र तिची बाकावर काहीतरी वाजवत होती. पियानोवाल्यांची बोटं लपत नाहीत. दोघींची तिथल्या तिथे गट्टी जमली. राहायला लोधिवलीला असून, शेजारच्या चौक गावचे दवाखाने सोडून ही बाई एवढ्या लांब का आली, हे मात्र आसावरीनं विचारलं नाही. तिच्या ध्यानात आलं होतं. ध्यानात येऊनही माणूस गप्प बसतो, तसं ती बसली.

मग स्कूटीवर पुढे ईशानीला उभी करून ती लोधिवलीच्या बंगल्यावर जायला लागली. तिथे ते हार्प्सिकॉर्ड होतं. दिसायला लहानखुरा पियानो, पण आतला कारभार वेगळा. पियानोत हातोडी तारेवर पडते. यात पट्टी दाबली की पिसाची बारीक नखी तार छेडते, सतारीच्या नखीसारखी. अजेय त्या नख्या कावळ्याच्या पिसांतून तासायचा, श्वास रोखून. एवढ्या हलक्या हाताचा माणूस जड हाताचा कसा असेल, असं आसावरीला वाटायचं. शिकलेल्या माणसांचा हा एक खास वेडेपणा.

त्या दिवशी अजेय लाकूड कापून आणायला साजगावच्या लाकूडगिरणीत गेला होता. त्याची गाडी वळणाआड गेली आणि शैलानं फुलबाह्या कोपरापर्यंत सारल्या. हातांवर पिवळे-जांभळे डाग. आसावरीनं पाहिलं, शैलानं तिला पाहू दिलं.

“गंमत ऐकतेस?” असं म्हणून तिनं रॅगटाइम सुरू केला.

रॅगटाइम म्हणजे जुनं अमेरिकन नाचरं पियानोसंगीत. त्यात डावा हात लेझमीच्या ढोलासारखा सरळ चालतो, आणि उजवा त्याला चकवत मधल्या फटींतून पळतो. पियानोवर तो खिदळतो. हार्प्सिकॉर्डवर त्याला धार आली होती, कुणी सुऱ्यांचा जुडगा नाचवावा तशी. ईशानी गुडघे वाकवून नाचायला लागली. शैलाच्या नाकपुड्या फुलल्या, खांदे उसळायला लागले.

“अगं हळू,” आसावरी हसली. “किती बडवतेस!”

“बडवून काही होत नाही गं याला. कितीही मारा, आवाज तेवढाच.” शैला वाजवता वाजवता म्हणाली. “मी बघितलंय ना मारून.”

“सरक, मला दे.” आसावरीनं उजवी बाजू घेतली, डावी शैलाकडे. आणि पियानोवर शिकलेल्यांची चूक दोघींनी केली. रंग चढला तशी बोटं जोरानं आदळायला लागली. हार्प्सिकॉर्डला जोर नको असतो. काळी चार आसावरीच्या बोटाखाली एकदम मुकी झाली. पट्टी खाली जायची, नुसतं टक्.

शैलाचा चेहरा चुन्यासारखा झाला. “नखी मोडली. आता गं?”

“दुसरी बसवू. कुठे ठेवतो तो?”

तारांवरचं मोठं झाकण उचलून, काठीवर टेकवून दोघी वाकल्या. आसावरीच्या हातात सूर लावायची लोखंडी किल्ली होती, तेवढ्यात फाटक वाजलं. साजगावला लाइट नव्हती, म्हणून अजेय तसाच परतला होता.

आत येऊन त्यानं आधी हात पुसले. वाद्याच्या डाव्या टोकापासून एकेक पट्टी दाबत पार उजवीकडे आला. टिंग. टिंग. टिंग. टिंग. टक्.

“रॅगटाइम कोणी वाजवला?”

“मी,” दोघी एकदमच म्हणाल्या.

“वा. जुगलबंदी!” तो हसला, तसाच, चहाच्या वेळी हसला होता तसा. त्यानं शैलाचं उजवं मनगट धरलं, लहान मुलाला पहिला धडा द्यावा तसा तिचा पंजा पट्ट्यांवर मांडला, आणि पट्ट्यांवरचं छोटं झाकण दाणकन आपटलं. मग उघडून पुन्हा. दुसऱ्या वेळी जो आवाज आला तो लाकडाचा नव्हता. शैला ओरडली नाही. ओरडली ती ईशानी.

आसावरीनं किल्ली त्याच्या कानशिलात हाणली. आपण हाणलं हे तिला कळलं ते त्याच्या गालावरून रक्त ओघळलं तेव्हा. त्यानं वळून तिचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. तोंडात लोखंडाची चव आली. तो दुसऱ्यांदा आपटणार, तोच शैलानं मोठ्या झाकणाची काठी डाव्या हातानं ओढली. तारांवरचं झाकण धाडकन कोसळलं, आत तारा कण्हल्या, आणि काठी त्याच्या गुडघ्यावर बसली.

“पोर घेऊन पळ! पळ गं, थांबू नकोस!”

आसावरी पळाली. स्कूटी तिथेच राहिली. एका टेंपोवाल्यानं तिला चौकपर्यंत नेलं. तिनं फोन केला, पोलीस आले, आणि ईशानीला ठेवायला कुणी नव्हतं म्हणून तिला कडेवर घेऊनच ती त्यांच्याबरोबर परत त्या बंगल्यात शिरली.

“झाकणात सापडला हात,” शैला खाली बघत म्हणाली.

“माझं डोकं कपाटाला लागलं,” अजेय कानावर बोळा धरून म्हणाला. “घाबरल्या बिचाऱ्या. चहा घेणार ना साहेब?” मग ईशानीजवळ येऊन त्यानं तिची बोटं एकेक करून सरळ केली. “काय लांब बोटं आहेत हिची. हिलाही शिकवू आपण.”

शैलानं हे ऐकलं. त्यानंतर ती पोलिसांना एक शब्द बोलली नाही, आणि आसावरी एकटीच सांगत राहिली म्हणून त्यांनी वही मिटली.

अजेय त्यांना जीपपर्यंत सोडायला गेला तेवढ्यात ती आसावरीच्या कानाशी आली. “तू आत येऊ नकोस पुन्हा. डावा शाबूत आहे माझा. तो बाहेर गेला की वाजवत जाईन. रस्त्यावरून ऐकू आलं तर समज, मी आहे.”

“चल ना माझ्याबरोबर. आत्ता.”

“तुझं घर माहितेय त्याला.”

निघताना आसावरीनं स्कूटी घेतली, आणि मग ती नुसती बंगल्यासमोरून जायला लागली, जुन्या हायवेवरून, न थांबता, स्कूटी हळू करत. कधी काही नसायचं. कधी यायचा नुसता डावा हात, टण्-चण्, टण्-चण्, चकवणारा उजवा नसलेला, लंगडा. ते ऐकून ती घरी जाऊन पोटभर जेवायची.

दिवाळी झाली आणि तो डावा हात थांबला. गेली, पुन्हा गेली, काही नाही. शेवटी बंगल्याच्या वॉचमनला, नामाला विचारलं.

“मॅडम म्हायेरी गेल्यात म्हनं.”

“तुम्ही जाताना पाहिलंत?”

“मी नाय बघितलं.” नामानं फाटकाची कडी घातली. “मला इचारू नका, बाई. तुमी पन येत जाऊ नका. सायेब नाव घेतो तुमचं.”

शैलाचं माहेर म्हणजे कुलूप. आई-वडील जाऊन वर्षं झाली, मागे कुणी नाही. पोलीस म्हणाले, सज्ञान बाई आहे, नवऱ्याची तक्रार नाही, गेली असेल कुठे. आसावरी तरीही पुन्हा जाणार होती. पण अनोळखी नंबरावरून फोनवर एक फोटो आला. कर्जतच्या बागेतला झोपाळा, आणि साखळीवरची ईशानीची मूठ. नुसती मूठ.

अनुपमनं स्कूटीची किल्ली खिशात घातली. “तुझी मैत्रीण एक. आपली पोर एक. आता तूच ठरव.” तिला ठरवता आलं नाही. रात्रंदिवस ती दाराच्या कड्या तपासत बसते, आणि मधेच तिचा डावा हात ओट्यावर चालायला लागतो.

म्हणून तिनं हे सगळं लिहवून घेतलंय, आणि मागणं तुमच्याकडे आहे. तुम्हाला तो ओळखत नाही. जुन्या हायवेनं जात असाल तर लोधिवलीला थांबा. हिरव्या पत्र्याचं फाटक आहे. एकटे जाऊ नका. तो चहा देईल, विनोद करील, हसू नका. वाद्य बघायचंय म्हणा, आणि मग मोठ्यानं हाक मारा, शैला. आतून डावा हात ऐकू आला तर आसावरीला कळवा. काहीच ऐकू आलं नाही, तर शैला कुठे आहे हे कळेपर्यंत फाटकातून हलू नका.