भंडारा उचललेला हात

धुळामामाचं कौतुक माझ्याम्होरं कुनी करू नगा. उभ्या जल्मात खोटं बोलला न्हाई म्हनं! अवं, त्यात त्येचं काय जात व्हतं? जायाचं त्ये दुसऱ्याचं गेलं. सांगते, ऐका.

धुळामामा म्हंजी माझ्या आत्याचा, हरणाबाईचा दाल्ला. माझी आई मी पाळण्यात असतानाच गेली, अन् माझा बा बिराप्पा कायम मेंढरांमागं. मला वाढवली ती आत्यानं. तिला सोताचं लेकरू न्हवतं, मग सारी माया माझ्यावरच. "बने, जेवलीस का" ह्याच्याबिगर तिचा दिस मावळत नसायचा. कवठेमहांकाळाच्या वरल्या माळावर आमा धनगरांची वस्ती. मेंढरं चारायला बा, आत्या अन् मामा संगंच भायेर पडायचे.

लढाई चालू व्हती त्या वर्सी ती तिघं कृष्णाकाठाला उतरली व्हती, अन् मी बी संगं व्हते. शेजारीच गुंडा म्हनून एका धनगराचा कळप. त्येच्यात एक एडका व्हता, असा दांडगा की बघनाऱ्याचा जीव त्येच्यावर बसावा. माझ्या बाचा बसला. माघारी येताना एडका आमच्या कळपात! आमच्यात मेंढरांच्या कानाला वळखीची खून कापत्यात, हरेक घराची येगळी. बानं गुंडाच्या खुनंवर आपली खून कापली. आत्या वराडली, "दादा, ह्ये बरं न्हवं, लय वंगाळ हाय." अन् मामा काय म्हनला? काय बी न्हाई. पाठ फिरवून तंबाखू मळत बसला. बघितलंच न्हाई तर पाप कसलं, असं त्येचं डोस्कं.

गुंडा हुडकत हुडकत वस्तीवर आला. कान बघितला, जखम अजून सुकली न्हवती. त्येनं बिरोबाच्या देवळाम्होरं पंच बसवलं. म्हसवडला माझं लगीन ठरलं व्हतं. चोराची लेक कोन सून करून घेनार? शिवाय त्या दिसांत पत्री सरकारचा जोर. चोर घावला की तळपाय फोडून काढायचे.

असल्या भांडनाला आमच्यात एकच तोड हाय. देवाम्होरला भंडारा, म्हंजी हळद, मुठीत उचलायची अन् काय त्ये सांगायचं. मग कुनी उलटं बोलायचं न्हाई. पर भंडारा खोटा उचलला तर बिरोबा सोडत न्हाई, अन् त्यो हात ज्येला लागंल त्येचं बी वाटोळं करतो. ल्हानपनापास्नं आमी ह्येच ऐकलेलं.

पंच म्हनलं, "बिराप्पा सोताच्याच बाजूनं सांगनार. मेंढरांसंगं जी व्हती त्यांतल्यानं उचलावा. धुळा उचलू द्या, त्यो खोटं बोलत न्हाई."

मामा उठला, धोतर झटाकलं. "मी भंडाऱ्याला हात लावनार न्हाई. मला ह्यात वडू नगा." एवढं बोलून बाजूला जाऊन खांबाला टेकला.

बघा गड्याची हुशारी! एडका चोरीचा म्हनला असता तर निदान खरं तरी बोलला असता. आपला म्हनला असता तर माझं लगीन वाचलं असतं. ह्यो दोन्हीतनं अंग काडून मोकळा. त्येच्या गप बसन्याचा अर्थ काय त्ये शेंबड्या पोराला बी कळत व्हतं. गुंडा हसाया लागला.

तवा आत्या उठली. पदर खवचला, म्होरं झाली अन् मूठभर भंडारा उचलला. "एडका आमच्या कळपात जल्मला. मी माझ्या हातानं त्येला वाढवलाय." आवाज सुदिक हालला न्हाई. गुंडा तिच्या पायापाशी थुकला, पर गेला.

लगीन वाचलं. बानं त्योच एडका कापून भावकीला जेवान घातलं. मामा पयल्या पंगतीला. खोटं बोलायला त्येची जीभ वळत न्हवती, पर चोरीचं मटन मागून मागून खाताना बरी वळली!

हळदीच्या दिशी मी पाटावर बसले. म्हसवडचं वऱ्हाड आदल्या सांजंलाच आलं व्हतं. पयली हळद आत्याची, ह्यो मान तिचाच. तिनं वाटीला हात घातला, तसं बानं तिला आत वडून न्हेलं. कुडाआडनं मला सारं ऐकू आलं.

"हरणे, तू लांब बस. खोटा भंडारा उचललेला हात माझ्या लेकीला नगं."

माझ्या बाचं बोलनं ह्ये! ज्येच्यापायी उचलला, त्यो! अन् मामा म्हनतोय, "बिराप्पा बराबर बोलतोय. पाप ते पाप."

माझं डोस्कंच फिरलं. वाटी घेतली अन् तशीच मागल्या अंगाला गेले. आत्या मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी उबी व्हती.

"आत्या, लाव."

तिनं दोनी हात पाठीमागं दडवलं. "नगं बाय माझे. लागतंय त्ये. खरंच लागतंय."

मला वाटलं व्हतं तिचा इश्वास नसंल, म्हनून उचलला. न्हाई वो! तिला सारं खरं वाटत व्हतं, अन् तरी उचलला. मी म्होरं गेले तशी ती मागं सरली, जाळीला पाठ लागंस्तवर. "लांब सर बने," म्हनली, "तुला पोरंबाळं व्हायाची हायती." मी रडत न्हवते, माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला व्हता.

माघारी मांडवात आले. मामा फेटा बांधून सोयऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसला व्हता. लगीन मोडलं तर मोडू दे, म्हनलं, अन् सगळ्यांच्या देखत इचारलं, "मामा, तुमी कवाच खोटं बोलत न्हाई. सांगा ह्यांस्नी, त्यो एडका कुनाचा व्हता?"

बाचं तोंड पांढरंफटक. मामानं एकडाव सोयऱ्यांकडं बघितलं, फेटा नीट केला.

"तुझ्या बाचा," म्हनला. "दुसऱ्या कुनाचा असनार?"

डोळ्याची पापनी सुदिक लवली न्हाई. सोयरं हसलं, पोरीला हळदीची गुंगी आली म्हनलं, अन् कुनीतरी मला दंडाला धरून पाटाकडं वडलं.

मी मागं बघितलं. आत्या मांडवाच्या कडंला आली व्हती. तिनं ऐकलं व्हतं. हात अजून पाठीमागंच व्हतं.

"आवं," ती म्हनली, "मग ह्येच तवा देवळाम्होरं का बोलला न्हाईसा?"