अमृत लावलेलं पातं

रविवारी मैदानावर एवढी गर्दी व्हायची की ड्रोन उडवायला जागा उरायची नाही. सगळे पवनमहाराजांभोवती. ड्रोनचं चिरलेलं पातं ते तळहातावर घेत, चिरेवर ‘अमृताचा’ थेंब सोडत, वर चिमूटभर पांढरी पूड टाकत. क्षणात धूर निघे, पातं गरम होई आणि चीर सांधली जाई.

“नवं पातं कारखान्यातून येतं, हे थेट वरून आलंय!” महाराज गर्जत. “पण वाकवून बघायचं नाही हं! शंका शिरली की शक्ती गेली.”

आमच्या तरुणपणी माझे यजमान इथेच हौसेनं छोटी विमानं उडवायचे. आधी प्रत्येक पातं उजेडात धरत, हलकेच वाकवून कानाशी नेत. बारीकसा आवाज आला की पातं कचऱ्यात. सगळेच तसं करत. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. मुलालाही त्यांनी तीच सवय लावली होती. महाराजांच्या एका वाक्यानं ती सुटली.

एका रविवारी तो महाराजांनी सांधलेलं पातं ड्रोनला बसवत होता. “अरे, वाकवून तरी बघ,” मी म्हटलं.

“आई, तुझा काळ गेला गं,” म्हणत त्यानं ड्रोन सुरू केला. नात शेजारीच गुडघ्यांवर बसली होती. सांधलेलं पातं तुटलं आणि तुकडा तिच्या उजव्या डोळ्यात घुसला.

दवाखान्यात पट्टी बांधलेल्या पोरीला तो पुन्हा पुन्हा विचारत होता, “तूच वाकवलं होतंस ना? खरं सांग.”

“नाही हो बाबा.”

“मग महाराज खोटं बोलतात?”

पोर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. डोळा वाचला नव्हता. काढलेला तुकडा दाखवत त्या म्हणाल्या, “आजी, कडेला हा पांढरा थर कसला?” मी अमृत, पूड, धूर सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा कठोर झाला.

पुढच्या रविवारी त्या मैदानावर आल्या. एक चिरलेलं पातं घेतलं, थेंब टाकला, चिमूट टाकली. धूर निघाला.

“अगं बाई, यांनाही सिद्धी आहे!” कुणीतरी हात जोडले.

“सिद्धी कसली? सुपरग्लू आणि स्वयंपाकघरातला खायचा सोडा. एकत्र आले की तापतात आणि दगडासारखे घट्ट होतात. पण फिरताना पातं लवतं, दगड लवत नाही.” त्यांनी पातं वाकवलं. टक्! पांढऱ्या रेषेवरच तुटलं.

“शंका घेतली, म्हणून तुटलं!” महाराज ओरडले. “त्या पोरीनंही तेच केलं!”

माझ्या मुलानं खिशातली उरलेली सिद्ध पाती काढली आणि एकेक वाकवली. सगळी रेषेवर तुटली. महाराजांनी पिशवी उचलली; अर्धी गर्दी तरीही त्यांच्यामागे गेली.

मैदानाच्या कडेला डोळ्यावर पट्टी बांधून बसलेल्या नातीच्या उजवीकडे मुलगा येऊन उभा राहिला.

“बाबा, या बाजूला या ना,” ती म्हणाली. “तिकडून तुम्ही मला दिसत नाही.”

वाचकहो, चीर गेलेलं पातं कितीही लाडकं असलं तरी टाकून द्या. नवं घेतानाही उजेडात धरा, वाकवून बघा. आणि जो म्हणतो ‘तपासू नका’, त्याच्या हातची वस्तू मुलांच्या आसपास फिरू देऊ नका.