घासलेली हळद

सांगलीच्या कॉलेजच्या अंगणात संयोगितानं पोत्याचं तोंड सोडलं आणि ती वाकून बघू लागली. आत पिवळीधमक, लखलखीत हळकुंडं होती.

"आज्जी, ही कुणी घासली?"

"मी," रंगूबाई कौतुकानं म्हणाल्या. "काल दुपारभर गोणपाटात घालून पायानं घासली. विद्यापीठाच्या स्पर्धेत परीक्षकांपुढं मळकी हळद ठेवायची व्हय?"

"आवं आज्जी, घासायचं काम आमच्या मशीनचं हाय."

संयोगितानं आणि तिच्या चार मैत्रिणींनी सायकलच्या पायडलवर फिरणारा, हळद घासणारा ड्रम वर्षभर खपून केला होता. घरापुरती हळद लावणाऱ्या आपल्या गावच्या, रहिमतपूरच्या बायकांसाठी. एवढासा माल मोठ्या मशीनवर कोण घेतं? आता साडेअकराला परीक्षक यायचे होते आणि ड्रममध्ये घालायला खरबरीत हळकुंड एकही नव्हतं. घड्याळात साडेदहा झाले होते.

याच अंगणातून रंगूबाई पंचाहत्तर साली बी.ए. होऊन बाहेर पडल्या होत्या. तेव्हा इथं बुचाची झाडं होती, आणि मुली मुलांकडे मान वर करून बघत नसत. त्यांनी पदराला हात पुसले, मोबाइल काढला आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरचा रहिमान तांबोळींचा नंबर लावला. मार्केट यार्डात त्यांची हळदीची पेढी होती. तीन वर्षं ते रंगूबाईंच्या मागच्या बाकावर बसले, पण दोघांत कधी एक शब्द झाला नव्हता.

"रहिमानभाई, मी रंगू. पहिल्या बाकावरची."

पलीकडून हसू आलं.

"पन्नास वर्षांनी बोललासा, ते बी हळदीसाठीच असणार."

"शिजवून वाळवलेली, पण न घासलेली. पाच किलो. आत्ता."

अकराला पाच कमी असताना फाटकातून स्कूटर आत आली. पुढ्यात पिशवी आणि वर सत्तरी ओलांडलेले रहिमानभाई, डोक्याला हेल्मेट, अंगभर हळदीची धूळ. पोरींनी ओरडतच पिशवी ओतून घेतली. रंगूबाईंनी लुगड्याचा ओचा खोचला आणि कुणी काही विचारायच्या आधीच सीटवर चढल्या.

"आज्जी, उतरा, आमी चालवतो."

"चूक माझी हाय. तू बोलायचं काम कर."

"नीट चालवा," रहिमानभाई म्हणाले. "कॉलेजात सायकल शिकताना नळाच्या कट्ट्यावर पडला होतासा."

"तवा बघत होता व्हय तुमी?"

परीक्षक आले आणि ड्रम घरघरू लागला. संयोगिता बोलत राहिली. अर्ध्या तासानं झाकण उघडलं. परीक्षकांतल्या एका बाईंनी ड्रममधलं एक हळकुंड उचललं आणि शेजारच्या पोत्यातलं दुसरं. दोन्ही उन्हात धरली.

"हे पोत्यातलं कशावर केलंय?"

रंगूबाई धापा टाकत म्हणाल्या, "माझ्या पायांवर. तेवढीच, पाच किलो. जेवण उरकल्यापासून दिवेलागणीपर्यंत. आज जिना चढवत नाही."

बाईंनी वहीत दोन्ही वेळा, अर्धा तास आणि अख्खी दुपार, शेजारी शेजारी लिहिल्या आणि खाली जाड रेघ ओढली.

चार वाजता पहिला नंबर रहिमतपूरच्या पोरींचा पुकारला गेला. रंगूबाई तेव्हा बुचाच्या उरलेल्या एकुलत्या झाडाखाली बसल्या होत्या, आणि रहिमानभाई त्यांना नळाचा कट्टा कुठं होता ते बोटानं दाखवत होते.