अरुंद वाटेचा वेप

मित्रांनो, मी एक जुना वेप आहे. सिगारेट सुटावी म्हणून मोठी माणसे बॅटरीवरचे जे नळकांडे ओढतात, तोच मी. अंगाने काडेपेटीहून थोडा लांब, रंगाने राखाडी आणि ताकदीने अगदी बेताचा. माझ्या जातीत असे धिप्पाड भाऊबंद आहेत की एका झुरक्यात खोली धुक्याने भरून टाकतील. माझे तसे नाही. माझ्या आत हवेला जायला सुईच्या नेढ्याएवढी वाट आहे. वाफ निघते ती थोडीशी, गार, आणि ओढायला घट्ट. लहानपणी मला याची फार लाज वाटे.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यातला. तिथे शेवटच्या टेबलावर एक बाई बसे. ती प्रत्येक वेप एका यंत्राला लावून त्यातून हवा ओढून पाही. माझ्या आधीच्या वेपांना यंत्राचा काटा सर्रकन पुढे जाई. माझ्या वेळी तो जेमतेम हलला. मला वाटले, झाले, आता भंगारात. पण त्या बाईने मला पुसले आणि चांगल्या मालाच्या खोक्यात ठेवले. असे का केले, ते मला बऱ्याच दिवसांनी कळले.

समुद्रावरून मी कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर आलो. ग्लेस बे नावाच्या जुन्या कोळसाखाणीच्या गावात डॉनी बुद्रोचे दुकान आहे. एका बाजूला न्हावी, दुसऱ्या बाजूला बेकरी. डॉनीने मला खालच्या फळीवर ठेवले. शाळेतली पोरे आली की तो त्यांना दारातूनच परत पाठवी. बाकीची गिऱ्हाइके येत ती धिप्पाड भावंडांना हात घालत. माझ्याकडे कुणी वाकूनही पाहत नसे.

मग एके दिवशी मर्डीना मॅकइसॅक आली. साठी ओलांडलेली, अंगाने काटक, आणि भांडायच्या तयारीतच. तिने पिशवीतून एक भलामोठा वेप काढून गल्ल्यापुढे आदळला.

"हा राक्षस परत घे."

"बाई, हा माझ्या दुकानातला नाही," डॉनी म्हणाला.

"ठाऊक आहे मला. माझ्या भाच्याने, लॉकीने, आल्बर्टाहून आणलाय. पण गावात या धंद्याचं दुकान तुझं, म्हणजे शिव्याही तूच खायच्या. कुठल्या बुद्रोंपैकी तू?"

"न्यू वॉटरफर्डच्या. ज्यो बुद्रोचा धाकटा."

"खाणीत पाय मोडला तो ज्यो?"

"तोच."

मर्डीना जरा मऊ झाली. "मग तू खरं बोलशील. तुझ्या बापाला खोटं बोलताच येत नसे. म्हणून तर पत्त्यांत हरायचा बिचारा."

डॉनीने हसून तिला स्टूल दिले. आणि स्टुलावर बसल्यावर तिचा आवाज एकदम खाली आला.

मर्डीनाने सगळी उमर मासळीच्या कारखान्यात डबे भरण्यात घालवली होती. सिगारेट तिला सतराव्या वर्षी लागली. तिची थोरली बहीण एफी. एफीने आयुष्यात सिगारेट ओढली नाही, पण नवऱ्याचा धूर खाऊन छाती अधू करून घेतली. दोघींचे नवरे गेल्यावर एफीने आपले घर विकले आणि ती मर्डीनाकडे राहायला आली. गेल्या हिवाळ्यात एफीला धाप लागून इस्पितळात ठेवावे लागले. डॉक्टरांनी बजावले की यांच्या आसपास धूर नको, कपड्यांवरचासुद्धा नको. मर्डीना मागच्या पायरीवर जाऊन ओढू लागली. तरी कोट, केस, हात, सगळ्याला वास येईच. शेवटी एफीची मुलगी कॉलीन हॅलिफॅक्सहून फोनवर म्हणाली, "आईला मी घेऊन जाते."

"आणि एफी काय म्हणाली?" डॉनीने विचारले.

"काही नाही. तेच तर. एफी गप्प बसली की समजावं, बॅग भरायला घेतलीय."

सिगारेट सुटावी म्हणून अंगाला लावायच्या औषधाच्या पट्ट्या झाल्या, चघळायच्या गोळ्या झाल्या. मग लॉकीने हा राक्षस दिला. मर्डीनाने बटाटे उकडता उकडता स्वयंपाकघरात एक झुरका घेतला. क्षणात समोरची एफी दिसेनाशी झाली, नुसती खोकताना ऐकू येऊ लागली. खिडक्या उघडल्या, तर थंडीने पुन्हा खोकला. एफी टेबल धरून उभी राहिली, तिचे ओठ निळे पडले होते. हे सांगताना मर्डीनाने डोळे पुसले आणि डॉनीवरच खेकसली, "बघत काय बसलास?"

डॉनीने तिच्या हातात पेन्सिल दिली. "सिगारेट कशी ओढता, दाखवा."

तिने दाखवले.

"आधी तोंडात, मग छातीत. बरोबर? हा राक्षस सरळ छातीत घुसतो. तुम्हाला कमी वॉटचा, अरुंद वाटेचा लागेल. वाफ थोडी, गार."

त्याने तीन वेप तिच्यापुढे मांडले. आत निकोटिनचा द्रव नव्हता, बॅटरी बंद होती. नुसती हवा ओढून पाहायची होती. पहिला तोंडाला लावून ती म्हणाली, "यातून तर समुद्रावरचा वारा येतोय." दुसऱ्यावर निळ्या-तांबड्या दिव्यांची माळ पाहून तिने तो लगेच खाली ठेवला. "मला नाताळचं झाड नकोय." तिसरा मी होतो. मला वाटले, माझ्या अरुंद वाटेला ही वैतागणार. तिने ओढले. गाल आत गेले. पुन्हा ओढले, या वेळी सावकाश.

"हा मला सहजासहजी ओढूच देत नाहीये," ती म्हणाली.

"बदलून देऊ?"

"हात लावू नकोस. ही ओढ माझ्या ओळखीची आहे, थेट सिगारेटची."

मित्रांनो, त्या क्षणी मला कारखान्यातल्या त्या बाईला हाक मारून सांगावेसे वाटले की तुझे बरोबर होते.

डॉनीने मात्र तिला मोकळे सोडले नाही. "हे औषध नाही, बाई. यातही निकोटिन आहे. सिगारेटही आणि हाही, असं दोन्ही चालवलंत तर मला तोंड दाखवू नका. आणि घरात नाही. ताईंसमोर तर मुळीच नाही."

"बापावर गेलास," मर्डीना म्हणाली, आणि मला खिशात टाकून निघाली.

पहिले दिवस कठीण गेले. द्रव तापवणाऱ्या तारेचे नवे वेटोळे बसवल्यावर त्यातला कापूस द्रवात भिजेपर्यंत थांबावे लागते. मर्डीनाला थांबणे माहीत नव्हते. तिने घाईने ओढले आणि माझ्या आतला कापूस करपला. "जळका मोजा तोंडात कोंबल्यासारखं वाटतंय!" असे ओरडून तिने मला बर्फात फेकले, आणि मग स्वतःच चपलांनिशी बर्फात उतरून शोधून आणले. हळूहळू ती शिकली. माझे तोंड रोज पुसू लागली. झुरका सावकाश घेऊ लागली. मला दुसरे काय हवे होते?

एफीचा मात्र विश्वास नव्हता. मर्डीना पायरीवरून आत आली की ती हात पुढे करी. "कोट दे."

"तू काय जकातनाक्यावरचं कुत्रं आहेस?"

"कोट दे म्हटलं ना." ती बाही हुंगे, कॉलर हुंगे आणि कोट परत देई. तिची बॅग मात्र पलंगाशेजारी होती तिथेच राहिली.

मग चर्चच्या सभागृहातली टारबिशची स्पर्धा आली. टारबिश हा आमच्या बेटावरचा पत्त्यांचा खेळ, जोडीने खेळायचा. या दोघी बहिणी वर्षानुवर्षे जोडीदार. आणि दुसऱ्याच दिवशी कॉलीन आईला न्यायला येणार होती. मर्डीनाने त्या दिवशी मला इतक्या वेळा ओढले की मधल्या सुट्टीपर्यंत माझी बॅटरी संपली. ती मागच्या दारी आली. तिथे तिची कारखान्यातली जुनी मैत्रीण सेडी सिगारेट शिलगावून उभी होती.

"केवढी कासावीस झालीयस गं," सेडी म्हणाली. "घे एक. एकीने काय होतंय?"

मर्डीनाने सिगारेट घेतली. तिची बोटे त्या सिगारेटभोवती कशी बसली, ते मी पाहिले. सेडीने लायटर पेटवला. मी मर्डीनाच्या दुसऱ्या हातात होतो, थंडगार, काहीही न देऊ शकणारा. इतका निरुपयोगी मी कधीच झालो नव्हतो.

मर्डीनाने ज्योतीकडे पाहिले. मग मलाच तोंडाला लावले आणि ओढले. वाफ नव्हती, चव नव्हती. नुसती एप्रिलची गार हवा त्या अरुंद वाटेने हळूहळू आत गेली. तिने डोळे मिटले. पुन्हा एकदा ओढले. मग आणखी एकदा. तिने सिगारेट सेडीच्या हातात परत ठेवली.

"अगं, तुझं ते मेलंय. दिवासुद्धा लागत नाहीये," सेडी म्हणाली.

"असू दे. मी तरी कुठे पुरती जिवंत आहे? जमतं आमचं."

आत आल्यावर एफीने पत्त्यांवरून नजर न काढता विचारले, "सेडीबरोबर होतीस ना बाहेर?"

"होते."

एफी टेबलावरून पुढे वाकली. भर सभागृहात तिने बहिणीची बाही हुंगली, केस हुंगले, मग हात उलटा करून बोटे हुंगली. मग मागे टेकून बसली. "पानं उचल," ती म्हणाली. त्या संध्याकाळी दोघी सपाटून हरल्या. घरी जाताना मात्र गाडीत गात होत्या.

दुसऱ्या दिवशी कॉलीन आली. आईची बॅग उचलून म्हणाली, "एवढी जड? काय भरलंयस काय?"

"हिरव्या टोमॅटोच्या लोणच्याच्या बरण्या आहेत. तुझ्यासाठी. नीट ने, फोडू नकोस."

"आणि तुझे कपडे?"

"कपाटात. मी नाही येत."

स्वयंपाकघरात मर्डीनाने केटलीचे झाकण पाडले.

त्यानंतर मी दोन-अडीच वर्षे नोकरी केली, आणि ती सुखाची होती. मर्डीना दर खेपेला डॉनीकडून आधीपेक्षा कमी निकोटिनचा द्रव आणी. दिवसभराचे झुरके सकाळ-संध्याकाळवर आले. पुढे मी कोटाच्या खिशातून खणात गेलो, रबरबँड आणि जुन्या किल्ल्यांच्या शेजारी. कित्येक दिवस खण उघडत नसे. उघडला तरी हात कात्रीकडे जाई. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटे. एकदा तर मर्डीनाने मला उचलले, "अगंबाई, हा अजून आहे होय!" म्हणाली आणि खण लावून टाकला. त्या दिवशी मात्र मला कळले की ती मला चक्क विसरली आहे, आणि विसरली आहे हेच चांगले झाले.

शेवटी त्या दोघी मला डॉनीकडे घेऊन आल्या. तिथे वापरलेल्या बॅटऱ्यांसाठी एक खोके आहे. माझ्यासारख्याला कचऱ्यात टाकले तर आग लागू शकते, म्हणून. एफी त्या दुकानात पहिल्यांदाच येत होती.

"नवा दाखवू?" डॉनीने विचारले.

"नको रे," मर्डीना म्हणाली. "आता नुसतं तोंड चालवते मी. हिला विचार."

एफीने मला हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. "एवढासाच? मला वाटलं होतं, मोठा असेल." मग तिने मला खोक्यात अलगद ठेवले.

आता गाडी येईल आणि मला घेऊन जाईल. माझ्यातला धातू कुठे कुठे जाईल, मला माहीत नाही. मित्रांनो, माझी एक विनंती आहे. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही, त्याने मला हातही लावू नये. माझा जन्म अशांसाठी नाही. पण तुमच्या घरी कुणी हे व्यसन सोडायला धडपडत असेल, तर त्याची थट्टा करू नका आणि त्याला घाई करू नका.

खोक्यातून मला काचेपलीकडचा रस्ता दिसतो. परवाच त्या दोघी चढावरून जात होत्या. एफीला धाप लागली तशी मर्डीना थांबली आणि बेकरीच्या काचेतले पाव उगीचच निरखत उभी राहिली. एफीचा श्वास जाग्यावर आला तशी म्हणाली, "काही खास नाहीत गं, चल." आणि दोघी पुढे निघाल्या.